टाकीतील नवे प्रवाळ

श्रीरामपूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या पुतण्याने शिष्यवृत्तीच्या पैशांतून खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी एक मृदू प्रवाळ विकत आणले. दुकानात ते छत्रीसारखे फुललेले होते. घरी आल्यापासून आठ दिवस मिटून बसले आहे. सासूबाई म्हणतात, जीव गेला, टाकून द्या. धाकटे दीर रोज त्याची जागा बदलून पाहतात. मुलगा मात्र पानावरून उठून टाकीपाशी जाऊन बसतो. ‘आम्ही कोणाचे ऐकावे?’ असा बाईंचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर थोडक्यात असे की, तूर्त कोणाचेच ऐकू नये व प्रवाळास हातही लावू नये. परंतु कारण समजल्यावाचून उपदेश पचत नाही. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रवाळ ही वनस्पती नव्हे. संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळी पालवी असाही अर्थ आहे, आणि पोवळ्याचे दुसरे नाव ‘विद्रुम’, त्यात तर द्रुम उघडच बसलेला आहे. नाव ठेवणाऱ्यांनी फांद्यांचे रूप तेवढे पाहिले. युरोपातील पंडितही अठराव्या शतकापर्यंत याच समजुतीत होते. पेसोनेल नावाच्या एका फ्रेंच वैद्याने ती ‘फुले’ म्हणजे प्राणी होत असे प्रतिपादन केले, तेव्हा पॅरिसच्या विद्वानांना ते प्रथम पटले नाही. मंगळाचा खडा म्हणून आपल्याकडे अंगठीत बसवतात ते तांबडे पोवळे अशाच प्राण्यांच्या वसाहतीचा सांगाडा होय. त्या चिमुकल्या प्राण्यांना आठ शुंडिका असतात. टाकीतील मृदू प्रवाळाच्या प्रत्येक जीवालाही आठच असतात. म्हणजे आजीच्या अंगठीतील पोवळे आणि नातवाच्या टाकीतील प्रवाळ हे एकाच गोत्रातले. भेद इतकाच की, मृदू प्रवाळाला दगडी सांगाडा नसतो. चुन्याचे सूक्ष्म कण अंगात विखुरलेले असतात. टाकीत पाळल्या जाणाऱ्या बहुतेक मृदू प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते उजेडात अन्न तयार करते व आपल्या यजमानास त्यातील वाटा देते. या भाडेकरूवरच यजमानाचा बराचसा संसार चालतो.

आता अशा जीवाची स्थिती पाहा. पिशवीत बांधून त्यास दूरवर आणले; पाणी बदलले, उजेड बदलला, प्रवाह बदलला. त्याने अंग आखडून घेतले, यात नवल ते काय? नव्या शाळेत आलेला मुलगा पहिला आठवडा मागच्या बाकावर गप्प बसतो. त्यावरून तो मंदबुद्धी आहे असे कोणी शहाणा शिक्षक ठरवीत नाही.

म्हणून आगमनाच्या दिवशीच काळजी घ्यावी. मुळात टाकी जुनी व स्थिरावलेली हवी. पाण्यात अमोनिया व नायट्राइट यांचा अंशही नसावा. आणलेली पिशवी न उघडता पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णमान सारखे होते. नंतर प्रवाळ पिशवीतील पाण्यासह एका भांड्यात घेऊन, बारीक नळीने टाकीचे पाणी त्यात थेंबथेंब सोडावे. अर्ध्यापाऊण तासात भांड्यातील पाणी दुप्पट व्हावे, इतकी धार पुरे. मग प्रवाळ तेवढे टाकीत ठेवावे. पिशवीचे पाणी टाकीत ओतू नये. पहिले काही दिवस ते तळाशी, मंद उजेडात व सौम्य प्रवाहात असावे. उजेड पंधरवड्यात क्रमाक्रमाने वाढवावा. एकदम प्रखर उजेड पडला, तर आतील शैवाल बाहेर टाकले जाते व प्रवाळ पांढरे पडते. चिकटवण्याची घाई करू नये. मृदू प्रवाळाच्या अंगाला बुळबुळीत स्राव असल्याने गोंद धरत नाही. दगडांच्या बारीक तुकड्यांत ठेवून वर सैल जाळी बांधली, तर एकदोन आठवड्यांत ते आपले आपण पकड घेते. रोज जागा बदलली, तर ती पकड कधीच बसणार नाही. धाकट्या दिरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

आपल्या जिल्ह्यातील हवेचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पाण्याचे उष्णमान २४ ते २६ अंश सेल्सियस व विशिष्ट गुरुत्व १·०२५ च्या आसपास राखावे. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हे कठीण जाते. पाण्याच्या पृष्ठावर पंखा लावावा. आपली हवा कोरडी असल्यामुळे मुंबईपेक्षा येथे हा उपाय अधिक गुणकारी ठरतो. परंतु वाफ होते ती पाण्याची, मिठाची नव्हे. म्हणून घटलेले पाणी भरताना खारे पाणी न घालता, आर.ओ. यंत्राचे शुद्ध पाणीच घालावे; नाहीतर खारटपणा दिवसेंदिवस चढत जातो. विहिरीचे जड पाणी यासाठी वापरू नये. वीज गेली, तर विजेरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. आणि माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध या टाकीत चुकूनही घालू नये. माशाला ते औषध असले, तरी प्रवाळाला ते विष आहे.

एवढे करूनही प्रवाळ मिटलेले राहील. छत्रीच्या आकाराच्या जातीवर कित्येकदा मेणासारखी चकाकणारी पातळ साय येते. अंग निस्तेज दिसते व ते आठ-पंधरा दिवस उघडत नाही. ते मरण नव्हे. कात टाकणे आहे. प्रवाह किंचित वाढवला म्हणजे ती साय वाहून जाते व खालून ताजे अंग निघते. खऱ्या मृत्यूची लक्षणे वेगळी: अंग विरघळू लागते, काळे पडते व कुजकट दुर्गंध सुटतो. तसे दिसल्यास सडका भाग धारदार पात्याने कापून काढावा. उरलेला निरोगी तुकडा पुष्कळदा जगतो. मृदू प्रवाळे शेजाऱ्यांना हटवण्यासाठी पाण्यात तीव्र द्रव्ये सोडतात. तेव्हा दोन जातींत अंतर ठेवावे व गाळणीत सक्रिय कोळसा वापरावा.

एक गोष्ट मात्र घरातील प्रत्येकाने, विशेषतः स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांनी, लक्षात ठेवावी. मृदू प्रवाळांच्या जोडीने ‘झोअँथिड’ नावाचे बटणांसारखे जीव विकले जातात. त्यांतील काहींच्या अंगी अत्यंत जहाल विष असते. ते चिकटलेला दगड उकळत्या पाण्याने धुवू नये व कोरडा घासूही नये. वाफेतून वा तुषारांतून विष श्वासात जाते. इंग्लंडात ऑक्सफर्डशायर परगण्यात २०१८ साली टाकी साफ करताना असे विष पसरून एका कुटुंबाला रुग्णालयात न्यावे लागले होते. हातमोजे व चष्मा घालूनच काम करावे, आणि मुलांना टाकीत हात घालू देऊ नये.

शेवटी मुलाला एक प्रश्न विचारावा: हे प्रवाळ आले कोठून? दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे व समुद्रपंखे यांस २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र आहे. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्याचा पाया घातला, त्या सिंधुदुर्गाच्या परिसरात मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. तेथील खडकांवरही प्रवाळ आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा ‘आंग्रिया बँक’ हा बुडालेला उंचवटा आहे. त्यावर प्रवाळांची वस्ती आहे. सहलीला जाऊन तेथील एक तुकडा खिशात घालणे हा छंद नव्हे. तो अपहार आहे. २०२४ साली तापलेल्या समुद्रामुळे लक्षद्वीपची प्रवाळे मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली. समुद्राला आणखी लुटणाऱ्यांची गरज नाही. टाकीतच कलम करून वाढवलेले प्रवाळ, पावतीसह व विक्रेत्याने मूळ सांगितलेले, तेवढेच घ्यावे. आणि टाकीतील जीव कंटाळा आला म्हणून ओढ्यात वा समुद्रात सोडू नयेत.

मुलाने रोज ठराविक वेळी पाण्याचे उष्णमान, खारटपणा व प्रवाळाची स्थिती वहीत टिपावी आणि जेवण पुरे करूनच टाकीपाशी जावे. वडीलमंडळींनी महिनाभर ‘मेले की जगले’ हा प्रश्न त्याला विचारू नये. शिष्यवृत्तीच्या पैशांतून त्याने एक जीव घरी आणला आहे. त्याची जबाबदारी त्याच्याकडेच राहू द्यावी. जे शिक्षण आम्ही वर्गात फळ्यावर लिहून देऊ शकलो नाही, ते त्याला या वहीतून मिळेल.