तेलाची नळी आणि आपली लाज

आपल्या घरांतून एक शब्द फार सोयीने वापरला जातो. तो म्हणजे ‘कंपनी’. मुलगा परदेशी काय करतो असे लग्नमंडपात कोणी विचारले की आईबाप चटकन उत्तर देतात, “दुबईला असतो, कंपनीत.” कंपनी कसली आणि तेथे त्याचे काम कोणते, हे सहसा कोणी विचारीत नाही, विचारलेच तर घरातले कोणीतरी चहा आणावयास उठते. माझा भाचाही गेली चार वर्षे असाच ‘कंपनीत’ आहे. ही कंपनी म्हणजे अल क्वोजमधील मोटारदुरुस्तीचे एक गराज असून भाचा तेथे फिटर आहे.

जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मी त्याच्याकडे दहा दिवस राहून आलो. अल क्वोज हा दुबईच्या शेख झायेद रस्त्याच्या आतील अंगाचा कारखान्यांचा भाग. गोदामे, गराजे, रंगाची दुकाने आणि कामगारांच्या वसाहती. अलीकडे काही गोदामांतून चित्रशाळाही निघाल्या आहेत. १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करावयास तेथे बंदी असते. गराजाला मात्र पत्र्याचे छप्पर! तेव्हा काम चालूच. पहिल्या दिवशी मी पंख्यासमोरून हललो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र एक गाडी आली आणि मी उठून तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो, तो संध्याकाळपर्यंत.

गाडी म्हणजे वीस वर्षांहून जुनी, जपानी बनावटीची डिझेल जीप. तिकडे खासगी मोटारी बहुतेक पेट्रोलवरच्या, म्हणून तिचे थोडे कौतुक झाले. ती ओढून आणलेली होती. चालकाला जळक्या तेलाचा वास आला, तेलाचा तांबडा दिवा लागला, त्याने तेथल्या तेथे इंजिन बंद केले. दुसऱ्या एका ठिकाणी त्याला सांगण्यात आले होते की टर्बो गेला, नवाच बसवावा लागेल. तो खर्च ऐकून बिचारा खचला होता.

टर्बो म्हणजे काय, हे आपल्यापैकी ज्यांच्याकडे डिझेलची व्हॅन किंवा पिक-अप आहे त्यांनी तरी समजून घ्यावयास हवे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एक चक्र फिरवितो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनियराने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. डिझेलच्या प्रवासी मोटारीत ती आली १९७८ साली, मर्सिडीजच्या गाडीतून. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो, आणि चढावर धुराच्या बाजूची उष्णता सहाशे-सातशे अंशांपर्यंत जाते. एवढ्या वेगात तो धातूवर घासत नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. ते तेल आणणारी नळी करंगळीपेक्षाही बारीक असते. ती तुटली की दांडा काही क्षणांत कोरडा पडतो. आणि बाहेर उडालेले तेल त्या तापलेल्या बिडावर पडले तर गाडी पेट घेते.

या जीपची नळी वाकाजवळ तडकली होती. आणि पूर्वी कोणी तरी त्या तडकलेल्या जागेवर रबराचा तुकडा चढवून दोन्ही बाजूंनी क्लिपा आवळल्या होत्या! रबर भाजून कडक झाले होते, बोटाने मोडले.

गराजातील मुख्य मिस्त्री साठीकडे झुकलेले, रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. सगळे त्यांना चाचा म्हणतात. ते आणि भाचा आपसात मराठीत बोलतात. (माझ्या वर्गात हाच मुलगा मराठीच्या तासाला खिडकीबाहेर पाहत बसे.) चाचांनी नळी काढली, उजेडात धरली आणि इंजिनाच्या अंगावरची एक रिकामी भोके असलेली जागा मला दाखविली.

“मास्तर, पायपाला दोष देऊ नका. हितं एक पट्टी व्हती. कुणीतरी काम करताना काढली, परत लावली नाय. मंग पायप लोंबतो, थरथरतो, आनि एक दिवस तुटतो.”

मी म्हणालो, “मग डाख लावून चालणार नाही?”

“लावला तर लागंल. पन पट्टी नसंल तर त्याच्या बाजूला तुटंल. आनि आग लागली तर कोन हाय जबाबदार?”

मग नवीन नळी. एजंटाकडे तीन दिवस लागणार होते. मालकाला गाडी दुसऱ्या दिवशी हवी होती. चाचांनी भाच्याला जुनी नळी देऊन हायड्रॉलिक होज तयार करणाऱ्या दुकानात पाठविले. तेथे टेफ्लॉनची, वरून स्टीलची जाळी असलेली, दोन्ही टोके यंत्राने दाबून बसविलेली नळी तासाभरात मिळाली. रबराचा तुकडा आणि ही नळी यांत फरक काय, असे मी विचारले. भाचा म्हणाला, “मामा, ही तापलेल्या तेलासाठीच बनविलेली असते. ते रबर पाण्यासाठी होते.” एवढे नेमके उत्तर त्याने मला शाळेत कधी दिले नव्हते.

नळी बसविण्याआधी पुष्कळ कामे झाली. हवेच्या बाजूची रबरी वाहिनी काढून चाचांनी चक्राचा दांडा दोन बोटांनी हालवून पाहिला. आडवा किंचित हलतो, तो हलावयाचाच. आत-बाहेर जवळजवळ हलता कामा नये, आणि पाती घराला घासलेली नसावीत. ती घासलेली नव्हती. म्हणजे टर्बो शाबूत होता! चालकाने वेळीच इंजिन बंद केले म्हणून वाचला. मग तेल खाली परतणारी जाड नळी तपासली. ती काजळीने तुंबली तर तेल वर साचून सीलमधून धुराड्यात जाते, निळा धूर येतो आणि दोष येतो टर्बोवर. ते तेल इंजिनाच्या हवेत शिरले तर याहून वाईट : डिझेल इंजिन स्वतःचेच तेल जाळीत पळत सुटते, किल्ली फिरवूनही थांबत नाही. पोकळ बोल्टची भोके तारेने साफ केली. तांब्याचे वॉशर नवे घातले. सीलची पेस्ट भाच्याच्या हातातून चाचांनी काढून घेतली. तिचा एक कण सुटून आत गेला तरी तेलाची वाट बंद होते. हरवलेल्या पट्टीच्या जागी लोखंडी पट्टी कापून नवी बसविली.

शेवटी टर्बोच्या तोंडात तेल ओतून चक्र हाताने फिरविले, पंपाच्या सोलेनॉइडची तार सोडली, म्हणजे डिझेल बंद, आणि स्टार्टर थोडा थोडा मारीत राहिले. तेल टर्बोपर्यंत पोहोचलेले पाहिल्यावरच तार जोडून इंजिन सुरू केले. पाच मिनिटे कोणालाही अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू दिला नाही. तेल आणि फिल्टरही बदलले. बिल झाले ते नव्या टर्बोच्या किमतीचा लहानसा भाग.

माझे म्हणणे असे की, ज्याने रबर चढविले त्यालाही पाना धरता येत होता. जमत नव्हते ते ‘नळी का तुटली’ हे विचारणे. आणि हे विचारण्याची सवय म्हणजेच शिक्षण नव्हे काय? आपण मात्र परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला गराजाकडे वळवितो, शिक्षा म्हणून वळवितो, आणि मग आपल्या गावातले मिस्त्री चांगले नाहीत म्हणून कुरकुरतो. आपले पूर्वज रत्नागिरीकडून या बेटावर आले ते कोणत्या कचेरीत बसावयास नव्हे. त्यांच्या हातांवर आपण शाळा शिकलो. मी स्वतःही या दोषातून सुटलेलो नाही. भाच्याने तांत्रिक शाळेचा अर्ज आणला तेव्हा “आणखी एक वर्ष प्रयत्न कर” असे त्याला सांगणारा मामा मीच.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. कास नोयालहून शामारेलचा चढ चढून वर पोहोचताच आपण किल्ली फिरवून इंजिन बंद करतो, डिझेल वाचले म्हणून खूष होतो. तापलेल्या टर्बोतले तेल तेथेच भाजते आणि त्याची काजळी त्या बारीक नळीत बसते. दोन मिनिटे इंजिन नुसते चालू ठेवावे. ही गोष्ट मला चाचांनी सांगितली, आणि मी ती आमच्या व्हॅनवाल्यांना सांगितली, तेव्हा एकजण म्हणाला, “गुरुजी, तुम्हाला काय कळते गाडीतले?” त्याचे बरोबरच होते.

भाचा यंदा गणपतीला आठ दिवसांच्या रजेवर येतो आहे. ताईने फोनवर विचारले की पाहुण्यांना काय सांगू. मी म्हटले, गराजात फिटर आहे असे सांग. आणि ज्यांच्या गाड्या धूर टाकतात त्यांनी सकाळी नऊच्या आधी यावे.