घोरपडीचा दोर आणि पालीचा पाय

सिंहगडाच्या कड्यावर दोर चढविण्याच्या कामी घोरपडीची योजना झाली होती, ही गोष्ट इतिहाससंशोधकांनी कितीही संशयास्पद ठरविली, तरी पोवाड्यांतून आणि घरोघरच्या आज्यांच्या तोंडून ती मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आणि 1670 सालच्या त्या रात्रीची आठवण निघाली की तानाजीच्या तलवारीआधी त्या घोरपडीची, यशवंतीची, नखेच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. खरेखोटे बाजूला ठेवले, तरी या आख्यायिकेत एक अस्सल यांत्रिक विचार दडलेला आहे. जे काम माणसाच्या हातापायांना साधत नाही, ते ज्या प्राण्याला उपजत साधते त्याच्याकडून करवून घ्यावे, हा तो विचार. आज जगातील नामांकित प्रयोगशाळांत हाच विचार नव्या वेषाने वावरत आहे. फरक इतकाच की कमरेला दोर बांधण्यासाठी तिथे जिवंत प्राणी लागत नाही, त्याच्या हालचालीचे मर्म काढून ते धातूत आणि प्लास्टिकात उतरविण्याची खटपट चालते. या खटपटीचे कौतुक आम्हांलाही आहे. परंतु ते करताना यंत्र घडविणाऱ्याच्या पाठीशी, त्याच्या कितीतरी आधी, प्राण्याकडे नुसते पाहत बसलेला एक मनुष्य असतो, याचा विसर आपल्या विद्यापीठांना आणि सरकारदरबाराला पडत चालला आहे, अशी आमची तक्रार आहे.

पालीचेच पाहा. दिवेलागणीला भिंतीवर प्रकट होणारी, चुकचुकली की शुभाशुभाचा हिशेब मांडायला लावणारी ही पाल अंगावर पडली तर कोणत्या अवयवावर पडल्याचे काय फळ, याची तपशीलवार यादी आपल्या पंचांगकर्त्यांनी ‘पल्लीपतन’ या सदराखाली छापून ठेवली. परंतु ती एरवी पडत का नाही, हा त्याहून साधा आणि त्याहून गहन प्रश्न विचारण्याचे त्यांना कारण पडले नाही. झाडावर डोके खाली करूनही ती सहज धावते, हे ॲरिस्टॉटलने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी टिपून ठेवले होते. त्यानंतर कोणी तिच्या तळव्यांत चूषक असावेत असे म्हटले, कोणी चिकट द्रव असावा असे म्हटले. पण निर्वात पोकळीतही तिची पकड सुटेना आणि चीक स्रवणाऱ्या ग्रंथीही सापडेनात. अखेरीस 2000 साली अमेरिकेत केलर ऑटम, रॉबर्ट फुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘टोके’ जातीच्या पालीच्या पायावरचा एकच सूक्ष्म केस सुटा काढून त्याची पकड मोजली. माणसाच्या केसाच्या सुमारे एक दशांश जाडीचे असे जवळपास पाच लक्ष केस तिच्या एकेका पायावर असतात आणि प्रत्येकाचे टोक पुन्हा शेकडो अतिसूक्ष्म पात्यांत फुटलेले असते. ही पाती पृष्ठभागाच्या इतक्या निकट जातात की रेणूरेणूंमधील जे अतिक्षीण आकर्षण डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स यांच्या नावाने ओळखले जाते, तेच लक्षावधी पटींनी एकवटून तिला छताला धरून ठेवते. तिच्या सगळ्या पायांवरचे केस एकाच वेळी पुरते चिकटले, तर सुमारे 130 किलोग्रॅम वजन पेलता यावे, असा हिशेब पुढे निघाला.

तथापि या शोधातील खरी खुबी पकडीपेक्षा सुटकेत आहे. जो पाय इतका घट्ट चिकटतो, तो क्षणार्धात उचलला कसा जातो? केस पृष्ठभागाशी समांतर ओढला की धरतो आणि त्याचा कोन सुमारे तीस अंशांपलीकडे गेला की आपोआप सुटतो, असे दिसून आले; म्हणजे धरणे व सोडणे हे दोन्ही व्यवहार केवळ दिशेच्या बदलाने, जवळजवळ विनाखर्च, उरकतात. शिवाय 2002 सालच्या प्रयोगांनी असेही दाखविले की हा गुण केसाच्या द्रव्याचा नसून त्याच्या आकाराचा आहे. द्रव्याचा गुण असता तर पालीची त्वचाच पैदा करावी लागली असती. आकाराचा आहे म्हटल्यावर तो कोणत्याही योग्य पदार्थात घडविता येणार, हे उघड झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क कटकोस्की आणि सँगबे किम यांनी 2006 च्या सुमारास काचेच्या उभ्या भिंतीवर चढणारे ‘स्टिकीबॉट’ हे यंत्र बनविले ते याच दिशासूत्राच्या आधारे. आणि त्याच प्रयोगशाळेत खडबडीत भिंतीवर बारीक नखांनी चढणारे दुसरे यंत्रही झाले, ज्याची जात पालीपेक्षा आपल्या यशवंतीला जवळची म्हणावी लागेल. पुढे 2014 साली पालीच्या तत्त्वावरील गाद्या हातांत धरून एक माणूस काचेची भिंत चढला, आणि अवकाशात, जिथे हवाच नसल्यामुळे चूषक निकामी ठरतात, तिथे भरकटलेले तुकडे पकडण्यासाठी याच तत्त्वाच्या पकडींचे प्रयोग सुरू झाले.

याच्या उलट, प्राण्याचे रूप घेतले आणि त्याची काटकसर मात्र घ्यायची राहिली, म्हणजे काय होते याचाही दाखला जवळच आहे. डोंगराळ वाटांवर सैनिकांचे ओझे वाहावे म्हणून अमेरिकेत 2005 साली ‘बिगडॉग’ नावाचे चतुष्पाद यंत्र तयार झाले. धक्का दिला असता ते जिवंत जनावरासारखे पाय सावरी आणि ते दृश्य पाहून जग थक्क झाले. परंतु त्याचा थोरला भाऊ प्रत्यक्ष सैन्याच्या तालमीत उतरला तेव्हा त्याच्या पेट्रोल इंजिनाचा गोंगाट इतका झाला की शत्रूला ठावठिकाणा आयताच कळावा, आणि 2015 अखेर त्याची बोळवण झाली. चार पाय खेचराचे घेतले. मूठभर चाऱ्यावर दिवसभर निमूट चालण्याचे त्याचे अर्थशास्त्र मात्र साधले नाही. पक्ष्याप्रमाणे पंख फडफडवून उडू पाहणाऱ्यांची गत शतकानुशतके हीच झाली होती. उचल देणारा पंख वेगळा आणि पुढे ढकलणारी शक्ती वेगळी, असा विवेक 1799 साली जॉर्ज केली यांनी केला, तेव्हा कुठे विमानाची वाट मोकळी झाली. रूप पाहायला एक दृष्टिक्षेप पुरतो. मर्म कळण्यास वर्षे लागतात, आणि ती वर्षे कोणाच्या तरी नावे खर्ची घालावी लागतात.

ती कोणाच्या नावे पडतात, हे पाहण्यासारखे आहे. वाळवीच्या वारुळाला मुकादम नसतो. एका किड्याने ठेवलेला मातीचा कणच दुसऱ्याला पुढचा कण कोठे ठेवावा हे सुचवितो, हे तत्त्व पिएर-पॉल ग्रासे या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1959 साली मांडले. राधिका नागपाल आणि त्यांच्या हार्वर्डमधील सहकाऱ्यांनी मुकादमावाचून ठोकळ्यांची बांधकामे रचणारी लहान यंत्रे जगापुढे ठेवली ती 2014 साली. म्हणजे ग्रासे यांनी लिहिलेली हुंडी वटण्यास पंचावन्न वर्षे लागली. वारुळापाशी बसलेल्या त्या माणसाला 1959 साली कोणी ‘उपयोग काय?’ म्हणून विचारले असते, तर त्याच्यापाशी उत्तर नव्हते.

आपल्याकडेही अशी माणसे झाली आहेत. सालिम अली 1930 साली जर्मनीतील अभ्यास आटोपून मुंबईस परतले, तेव्हा वस्तुसंग्रहालयातील त्यांचे पद पैशाअभावी रद्द झाल्याचे त्यांना कळले. नोकरी नाही म्हणून ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि तिथे सुगरणीच्या घरट्यांकडे तासन्‌तास पाहत बसले. त्या बेकारीतून जे निष्पन्न झाले त्याने पक्षिशास्त्रात भर पडली: ज्या पक्ष्याला आपण स्त्रीलिंगी नाव देऊन त्याच्या विणकामाचे श्रेय मादीला देत आलो, त्याचा विणकर नर आहे, तो घरटे अर्धे विणून थांबतो, मादीने पसंत केले तरच पुरे करतो, आणि ते पुरे होताच दुसऱ्याला हात घालतो. बांधकामातील हा हिशेबी सावधपणा पुढेमागे कोणा यंत्रकाराच्या कामी येईल की नाही, हे आज कोणी सांगू नये. पण तो नोंदला गेला नसता, तर कामी येण्याचा प्रश्नच उद्भवला नसता.

यावर कोणी म्हणेल की, ज्या देशात इस्पितळांना औषधे पुरत नाहीत, तिथे पालीच्या पायाकडे पाहण्यासाठी खजिन्यातून पैसा मागणे ही चैन आहे. आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही हिशेबानेच द्यावे. निरीक्षणाइतके स्वस्त शास्त्र दुसरे नाही. वही, दुर्बीण, एस.टी.चे भाडे आणि दोन वेळचे जेवण एवढाच त्याचा प्रमुख खर्च. महाग आहे ती यंत्रमानवांची हौस: परदेशी सुटे भाग मागवून जोडलेले चतुष्पाद यंत्र संमेलनाच्या मांडवात फिरवायचे, मंत्रिमहोदयांनी त्याच्याकडून हार स्वीकारायचा आणि याला स्वदेशी संशोधन म्हणायचे. आमची सूचना अगदी माफक आहे. ज्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला यंत्रमानवशास्त्रासाठी अनुदान मंजूर होते, त्याने त्यातील काही हिस्सा जवळच्या प्राणिशास्त्र विभागाकडे वर्ग करावा आणि यंत्र बनवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने एक पावसाळा सह्याद्रीत एखाद्या क्षेत्रनिरीक्षकाच्या हाताखाली घालवावा, अशी अट मंजुरीच्या हुकुमातच घालावी. पालीच्या केसाची पकड मोजली गेली ती प्राणिशास्त्रज्ञ आणि सूक्ष्म मापक बनविणारा अभियंता एका टेबलाशी बसले म्हणून. आपल्याकडे हे दोघे एका आवारात असले, तरी त्यांची दप्तरे वेगळी, खाती वेगळी आणि बहुधा चहाही वेगळा.

अंदाजपत्रकात ‘नुसते पाहणे’ असे लेखाशीर्ष नसते, हे आम्ही जाणतो. त्यामुळे किहीमच्या त्या निरीक्षकावर 1930 साली आली तीच पाळी आजही एखाद्या तरुणावर येत असेल, तर नवल नाही. यशवंतीच्या आख्यायिकेत एक तपशील असा आहे की ती आधी कड्यावरून माघारी फिरली, आणि तिने पुन्हा चढावे म्हणून तिला जिवाची धमकी द्यावी लागली. गोष्टीत ती धमकी लागू पडली, कारण ती गोष्ट होती आणि रात्र थोडी होती. शास्त्राच्या कड्यावर मात्र घोरपड का फिरली हे आधी पाहावे लागते. आणि ते पाहणाऱ्याला दोन वेळचे जेवण मिळत असेल, तरच दोर वर जातो.