दुपारी समोरच्या ओसरीवर

एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा आटोपल्यावर आठ दिवस पिंपळवंडीला सासरी राहून आले. नवीन घर झाल्यापासून एवढा मुक्काम प्रथमच झाला. जोहरची नमाज झाली, जेवणे झाली, की अम्मी तसबीह घेतात, पायात चप्पल सरकवतात आणि समोरच्या घरी जातात. त्या घराची ओसरी अजून कौलारू आहे. असरच्या अजानीपर्यंत अम्मी तिथेच. पहिले दोन दिवस मला त्यात काही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी धाकटी जाऊ भांडी घासता घासता म्हणाली, "भाबी, पाहिलंत ना? अख्ख्या आळीला दिसतं. एवढे लाख घालून घर बांधलं आणि सासू दुपारची लोकांच्या ओसरीवर. मला एक शब्द बोलत नाहीत, पण हे बोलण्यापेक्षा जास्त लागतं."

भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या घरी गेल्या काही वर्षांत असेच काही ना काही झाले असेल. जुने पाडून नवे बांधले असेल, नाही तर स्वयंपाकघर बदलले, फरशी बदलली, मोठे फ्रीज आणले. सहा महिन्यांनी मनात पहिला खडा पडतो: हे केले नसते तर? तो खडा कोणी बोलून दाखवत नाही. एवढा खर्च झालेला असतो, पाहुणे 'माशाअल्लाह' म्हणून गेलेले असतात, आता कोणत्या तोंडाने बोलायचे?

आमच्या घराची हकीकत थोडक्यात सांगते. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता, हे जुन्नर तालुक्यात कोणी विसरलेले नाही. ज्यांचा माल नेमका त्या दिवसांत निघाला, त्यांच्या हाती एका हंगामात कधी न पाहिलेला पैसा आला. धाकटे दीर त्यांतले एक. महिना-दीड महिन्यात भाव पुन्हा कोसळले. पण तोवर घर पाडायचे ठरले होते. एकदम आलेल्या पैशाला घाई फार असते. तो वाटा फुटून संपायच्या आत त्याचे काहीतरी दिसले पाहिजे, असे वाटते.

पाच खणांचे घर होते. दगडी जोते, वर पांढऱ्या मातीच्या हातभर जाडीच्या भिंती, सागाचे खांब, कौले. ओसरीच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात जुजदानात गुंडाळलेला कुरआन आणि शेजारी अब्बांचा चष्मा असे. अब्बा गेल्यानंतरही तो चष्मा तिथून कोणी हलवला नव्हता. सगळे तीन दिवसांत जेसीबीने सपाट झाले. खांब, तुळया आणि पुढच्या दाराची कोरीव चौकट जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याला उक्ती विकली. त्या जागी स्लॅबचे घर उभे राहिले. हॉल, दोन बेडरूम, ओटा असलेले स्वयंपाकघर, चकाकत्या फरशा आणि छताला पीओपीची नक्षी. (त्या नक्षीच्या खाचांत आता पाली सुखाने नांदतात.)

आता माझा कबुलीजबाब. फोनवर दिरांनी विचारले तेव्हा मीच म्हणाले होते, "पाडा ती माती. किती वर्षं सारवत बसणार?" मी कोंढव्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. वर्षातून दहा दिवस गावी जाते. माझे मत मी दोन मिनिटांत दिले. अम्मींना कोणी विचारले नाही. "त्यांना काय, त्या नाहीच म्हणणार," असे आम्ही तिघांनी परस्पर ठरवून टाकले. मशवरा म्हणजे जो हो म्हणणार आहे त्यालाच विचारणे, असे झाले आमचे.

पहिल्या उन्हाळ्यात पश्चात्ताप सुरू झाला. पश्चिमेच्या बेडरूममध्ये रात्री अकरा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर ऊब लागे. पंखा गरम हवाच फिरवी. मग पावसाळ्यात अम्मी वुजू करून बाहेर आल्या आणि त्या चकाकत्या फरशीवर घसरल्या. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे प्लास्टर. अल्हमदुलिल्लाह, कमरेवर निभावले नाही. पण त्या दिवसापासून घरात एकमेकांचे हिशेब सुरू झाले. दीर म्हणत, फरशी तू पसंत केलीस. जाऊ म्हणे, पाडायची घाई तुम्हाला होती. गवंड्याला दोघेही नावे ठेवत. मी पुण्यात बसून 'बघा, वयस्कर माणूस घरात आहे' असे उपदेश करत होते. स्वतःचे ते वाक्य मी सोयीस्कर विसरले होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पश्चात्तापाची आणखी एक खोड आहे. तो जुन्याला फार देखणे करून दाखवतो. दीर आता त्या घराबद्दल असे बोलतात की जणू तो महाल होता. जाऊने मात्र त्यांना गप्प केले आणि मला ते पटले. दर आठ दिवसांनी सारवण तिने काढले आहे. पावसाआधी घर शाकारायला माणसे मिळत नसत. वाशांना वाळवी लागली होती आणि एका पावसाळ्यात चुलीमागे विंचू निघाला होता. मोरी आणि संडास अंगणापलीकडे, उसाला लागून. आमच्या भागात उसात बिबट्या असतो, ही काही अफवा नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावे लागले, ते उगीच नाही. रात्री पोरीला बाहेर न्यायचे तर एकाच्या हातात काठी आणि दुसऱ्याच्या हातात बॅटरी. "ते दिवस पुन्हा नकोत," जाऊ म्हणाली, "उकाडा परवडला."

शेवटी सहाव्या दिवशी मी अम्मींबरोबर समोरच्या ओसरीवर गेले आणि जे तीन वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते विचारले. "अम्मी, नवं घर आवडलं नाही का?"

त्या हसल्या. "घर चांगलं आहे गं. मोरी आत आली, रात्रीची भीती गेली. उकडतं, ते खरं आहे. पण मला तिथं बसायला जागा नाही."

"अख्खा हॉल आहे की."

"हॉलमध्ये पाहुणे बसतात. सोफ्यावर मी किती वेळ बसू? रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही. ओसरीवर बसलं की कोणी विचारतं, अम्मी कसं काय. इथं बसले की मी अजून घरात आहे असं वाटतं."

मला वाटत होते सगळा दोष स्लॅबचा आहे. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात ओसरीचा विचार आला नव्हता. नकाशात तिला चौरस फूट नव्हते, म्हणून ती गेली. आणि जाऊ ज्याला टोमणा समजत होती, तो टोमणा नव्हताच. दोन वर्षे दोघी एका छताखाली राहिल्या आणि हे एकमेकींना बोलल्या नव्हत्या.

'असे केले असते तर' या विचाराने सैतानाला वाट मिळते, ही सहीह मुस्लिममधील हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. घडले ते अल्लाहच्या ठरावाने घडले असे म्हणावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यात शिकवले आहे. पण आपल्याकडे ही हदीस बहुधा शेवटाकडून सांगितली जाते. कोणी कुरकुर केली की 'तक़दीर' म्हणून त्याचे तोंड बंद करायचे. तिची सुरुवात वेगळी आहे. जे तुमच्या फायद्याचे आहे त्याच्यासाठी धडपड करा, अल्लाहची मदत मागा आणि हतबल होऊन बसू नका, हे आधी येते. 'जर-तर' नको, हे त्यानंतर. म्हणजे फरशी घसरडी आहे हे सांगणे ही नाशुक्री नाही. फरशी कोणी पसंत केली होती हे दोन वर्षे उगाळणे, हा तो 'जर-तर'.

त्या रात्री आम्ही तिघे बसलो आणि प्रथमच भांडण न होता एकेक गोष्ट काढली.

परत करण्यासारखे फारसे उरले नव्हते. एक मात्र आधीच परत गेले होते. हॉलसाठी आणलेला एल आकाराचा सोफा दारातूनच आत येईना. आळेफाट्याच्या दुकानदाराने टेंपोचे भाडे कापून तो परत घेतला. दीर अजून त्या माणसाला दुवा देतात. खरेदीदाराला पस्तावा झाला आणि विक्रेत्याने सौदा मोडून माल परत घेतला, तर याला आपल्या फिक़्हमध्ये 'इक़ाला' म्हणतात. असे करणाऱ्याच्या चुका अल्लाह क़यामतच्या दिवशी माफ करील, अशी हदीस अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत आहे. आपल्या वाचकांत दुकानदार कुटुंबे पुष्कळ आहेत. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लावण्यापूर्वी ही हदीस घरात एकदा वाचावी, एवढेच म्हणते. कायद्याने मात्र केवळ मन बदलले म्हणून दुकानदारावर सक्ती करता येत नाही. माल सदोष निघाला तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. म्हणून पक्के बिल घ्या. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक फ्रीजवर चिकटवून ठेवा.

दुरुस्त करण्यासारखे बरेच निघाले. मोरीपासून अम्मींच्या खोलीपर्यंतच्या पट्ट्यात खरखरीत, मॅट फरशी बसवायची. सगळे घर उखडायचे नाही. मोरीच्या भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. स्लॅबवर पांढरा रंग. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात चिकटपणासाठी डिंक घालून दोन हात मारायचे. पावसाने तो धुऊन जातो, म्हणून दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा. हे गरिबाचे जुगाड समजू नका. तेलंगणा सरकारने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. पांढऱ्या छताने खोली साधारण दोन ते पाच अंशांनी थंड राहते, असा अहमदाबादकडचा अनुभव आहे. पश्चिमेच्या भिंतीत वर दोन झरोके पाडायचे, म्हणजे छताखाली कोंडलेली गरम हवा निघून जाईल.

सिमेंटचे हे रडगाणे आपलेच नाही. इजिप्तमध्ये हसन फत्ही नावाचे मोठे वास्तुकार होऊन गेले. गरिबांसाठी मातीची घरे बांधण्यात त्यांनी आयुष्य घातले. १९६४ मध्ये कैरोत वेगवेगळ्या साहित्याच्या खोल्या बांधून मोजमाप झाले. मातीच्या खोलीतले तापमान दिवसरात्रीत दोन-एक अंशांच्या आतच हलले. सिमेंटच्या तयार भिंतींची खोली मात्र बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापली. असे असूनही लक्सरजवळ गुरना येथे त्यांनी मातीचे जे नवे गाव वसवले, तिथे बहुतेक लोक राहायला गेलेच नाहीत. त्याची कारणे पुष्कळ होती. त्यांतले एक असे सांगतात, की घुमटाची छपरे लोकांना कबरीसारखी वाटत. हापूसबागेतला सौदागर घुमट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही अडचण कळेल. एवढ्या विद्वान माणसाचे गणित बरोबर होते, पण राहणाऱ्यांच्या मनातले त्यात आले नाही. आम्ही तर गणितही केले नव्हते.

तिसरी यादी सर्वांत लहान, पण तिच्यापाशी आम्ही सर्वांत जास्त वेळ थांबलो. कोनाडा गेला. चौकट गेली. दिरांनी त्या व्यापाऱ्याला फोन लावून पाहिला होता. माल केव्हाच पुढे विकला गेला होता. अब्बांनी पन्नास वर्षे ज्या चौकटीला हात टेकवून 'बिस्मिल्लाह' म्हणत पाऊल बाहेर टाकले, ती आता एखाद्या हॉटेलची शोभा असेल. दीर बराच वेळ बोलले नाहीत. मग जाऊच म्हणाली, "जाऊ द्या. घाई माझीपण होती." मी म्हणाले, "आणि माझी." आमच्या घरात हे वाक्य कोणी प्रथमच बोलत होते. अब्बांचा चष्मा तेवढा जाऊने जपून ठेवला होता, कपाटात, तिच्या निकाहच्या ओढणीत गुंडाळून. मला माहीतच नव्हते.

आणि ओसरी. जुनी कौले विकली गेली नव्हती, कोणी घेईना म्हणून. ती गोठ्यामागे रचून पडलेली होती. दिरांनी दुसऱ्या दिवशी मोजली. पुढच्या दाराला लागून आठ फूट रुंदीची पडवी निघते, लोखंडी पाइप आणि वर ही कौले. अम्मींना विचारले, या वेळी आधी. त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. फरशी नको, शहाबादी टाका. आणि तोंड रस्त्याकडे ठेवा, भिंत बांधू नका. बिबट्याचे काय, असे जाऊने विचारले. "मी तिथं दुपारी बसणार आहे, रात्री नाही," अम्मी म्हणाल्या.

परवा जाऊचा फोन आला. पडवीचे पाइप उभे राहिले, पण बरीच कौले फुटकी निघाली, दीडशे-दोनशे कमी पडतात. वरच्या आळीत एक जुने घर पाडताहेत, तिथली मिळतील म्हणे.

मी म्हटले, "कौलं घ्या. पण आधी त्यांना विचार, चौकट विकली का अजून?"