बालेकिल्ल्याची पारख

स्वदेशीचा विषय निघाला की आपल्यासमोर कापड, औषधे, फार तर विमान येते. परंतु ज्या मोबाईलवर आज घराघरांतील आर्थिक व्यवहार आणि खासगी कागदपत्रे विसंबून आहेत, त्याच्या अंतरंगात काय चालते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आजच्या बहुतेक मोबाईलमधील प्रोसेसर ब्रिटनमधील आर्म या कंपनीच्या आराखड्यावर बेतलेले असतात. त्यात ‘ट्रस्टझोन’ नावाची व्यवस्था असते. गडावर जशी माची आणि बालेकिल्ला, तसे येथे दोन विभाग असतात. नेहमीची ॲप माचीवर वावरतात. बोटाच्या ठशाची पडताळणी, सांकेतिक किल्ल्यांचे जतन अशी नाजूक कामे बालेकिल्ल्यात चालतात. तेथील प्रोग्रामना ‘ट्रस्टेड ॲप्लिकेशन’, म्हणजे विश्वासू प्रोग्राम, म्हणतात.

मात्र विश्वासू हे नाव दिल्याने कोणी विश्वासार्ह ठरत नाही. बाजारातील मोबाईलमध्ये उत्पादकाच्या डिजिटल स्वाक्षरीवाचून बालेकिल्ल्यात प्रोग्राम चालत नाही आणि आत डोकावण्याची दारेही बंद असतात. चोराला रोखण्यासाठी हा बंदोबस्त योग्यच आहे. पण त्यामुळे प्रामाणिक परीक्षकही बाहेरच राहतो.

यावरचा मार्ग आहे ‘इम्युलेटर’. फॅब्रिस बेलार या फ्रेंच अभियंत्याने २००३ मध्ये खुला केलेला क्यूईएमयू हा प्रोग्राम सबंध यंत्राची प्रतिकृती साध्या संगणकात उभी करतो. लिनारो या संस्थेने २०१४ मध्ये खुली केलेली ‘ऑप-टी’ ही सुरक्षित कार्यप्रणाली त्यावर चालवता येते. पडद्यावर दोन खिडक्या उघडतात, एक माचीची आणि दुसरी बालेकिल्ल्याची. विश्वासू प्रोग्राम स्मृतीत कोणत्या पत्त्यावर उतरला, याची नोंद दुसऱ्या खिडकीत मिळते. दरवेळी पत्ता बदलण्याची सोय बंद ठेवून तो पत्ता जीडीबी या डीबगरला कळवला, की प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून त्याचे अंतरंग तपासता येते.

हा केवळ अभ्यासिकेतील खेळ नव्हे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पार्टेमू’ या संशोधनात १२ उत्पादकांचे १९४ विश्वासू प्रोग्राम अशाच प्रतिकृतीत तपासले गेले. त्यांपैकी ४८ प्रोग्राममध्ये तोवर अज्ञात असलेले दोष सापडले. बालेकिल्ल्यातील दर चार पहारेकऱ्यांमागे जवळपास एक गाफील निघाला, असाच याचा अर्थ!

प्रतिकृतीलाही मर्यादा आहेत. तिच्यातील गुप्त किल्ल्या नकली असतात. खऱ्या चिपचे कालमापन किंवा विजेच्या वापरातून फुटणारी गुपिते तिच्यात दिसत नाहीत. म्हणून अखेरची परीक्षा प्रत्यक्ष यंत्रावरच व्हावी लागते. तथापि प्रोग्राममधील बहुतांश चुका त्याआधीच हाती लागू शकतात.

येथेच राष्ट्रीय प्रश्न उभा राहतो. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा करून भारतीय बुद्धीचा परिचय जगाला दिला. आज आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे देशी प्रोसेसर आकाराला आले आहेत. २०२२ मध्ये केंद्र शासनाने त्यांना बळ देणारी ‘डीआयआर-व्ही’ योजनाही सुरू केली. पण चिप देशी झाली आणि तिच्या बालेकिल्ल्याची पारख करणारे अभियंते आपल्याकडे नसले, तर ते स्वावलंबन अर्धेच ठरेल.

परदेशात जन्मलेली साधने वापरणे स्वदेशीत बसते काय, असे कोणी विचारील. स्वदेशी म्हणजे दारे लावून बसणे नव्हे. जे ज्ञान आपण उघडून वाचू शकतो, तपासू शकतो आणि आपल्या गरजेनुसार बदलू शकतो, ते आपलेच होते. जे मोहोरबंद अवस्थेत विकत घ्यावे लागते, ते आपल्या कारखान्यात जुळवले तरी परकेच राहते.

या शिक्षणासाठी कोट्यवधींची प्रयोगशाळा लागत नाही. साधा संगणक पुरतो आणि साधने विनामूल्य मिळतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी हा विषय अभ्यासक्रमात आणावा. शिक्षणक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी त्यासाठी आग्रह धरावा आणि पालकांनीही मुलांना केवळ वेतनाचे आकडे दाखवू नयेत. राष्ट्ररक्षणाचे एक ठाणे आता संगणकाच्या पडद्यावरही आहे, आणि तेथे जागता पहारा हवा आहे.