पाटी की लेख?

डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, करसल्लागार अशा प्रत्येक व्यावसायिकाला हल्ली एकच उपदेश ऐकवला जातो : लिहा, नियमित लिहा, नाव होईल, आणि नाव झाले की रुग्ण व अशिले आपोआप येतील. हा उपदेश खोटा नाही. लेखनाने व्यवसाय वाढतो. आमचा आक्षेप त्यामागच्या लेखनविषयक कल्पनेला आहे. त्या कल्पनेत वाचक हा वाचक नसतोच. तो भावी गिऱ्हाईक असतो.

यावर कोणी विचारील, पोटासाठी लिहिले तर बिघडले कुठे? काहीच नाही. लेखन आणि अर्थार्जन यांचे वैर कल्पिणारा सोवळेपणा आम्हालाही मान्य नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने याबाबत मार्मिक भेद केला आहे. स्वतःची जाहिरात होईल असे रोग व उपचारांविषयीचे लेख डॉक्टरने सर्वसामान्य वृत्तपत्रांत लिहू नयेत. सार्वजनिक आरोग्याविषयी मात्र स्वतःच्या नावाने खुशाल लिहावे. म्हणजे नाव छापणे हा दोष नव्हे. लेख वाचून संपल्यावर वाचकाच्या हाती काय उरते, ज्ञान की केवळ पत्ता, हा खरा प्रश्न आहे. गुडघ्याची शस्त्रक्रिया केव्हा करू नये हे सांगणारा अस्थिरोगतज्ज्ञ काही रुग्ण गमावतो, आणि नेमक्या त्याच कारणाने लोकांचा विश्वास मिळवतो.

केवळ उत्कर्षासाठी लिहिल्याने काय होते, याचा दाखला आमच्याच पेशात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीशी शोधनिबंधांचे गुण जोडले. निबंध वाढले, ते छापणारी नियतकालिकेही वाढली; वाचक तेवढा वाढला नाही. अखेर २०१८ मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळावी लागली.

याउलट रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण पाहा. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच कार्यापायी १९२५ मध्ये विल्सन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. अश्लीलतेचे खटले सोसले, दंड भरला. व्यावसायिक हिशेबाने हे लेखन निव्वळ तोट्याचे. पण जे ज्ञान कुजबुजीतही मिळत नव्हते, ते त्यांनी वाचकाला मराठीत उघडपणे दिले.

प्रत्येकाने कर्वे व्हावे, अशी आमची मागणी नाही. नाव व्हावे म्हणून जरूर लिहा. मात्र आपल्या धंद्याला अडचणीचे एखादे तरी सत्य त्यात असू द्या, वाचकाला आपली गरज थोडी कमी भासेल असे काहीतरी असू द्या. एवढेही देण्याची तयारी नसेल, तर दारावर पाटी लावावी. पाटी निदान स्वतःला लेख म्हणवून घेत नाही.