मुक्या सोबत्याचे घर

लखनऊमधील चौक हा जुन्या शहराचा गाभा. चिकनचे नाजूक भरतकाम आणि अत्तरे यांसाठी तो प्रसिद्ध आहे. त्याला लागूनच असलेला नक्खास हा बाजार पशुपक्ष्यांच्या विक्रीसाठी फार पूर्वीपासून ओळखला जातो. अवधच्या नवाबांना प्राणी पाळण्याचा मोठा शौक होता. १८५६ मध्ये राज्य गेल्यानंतर वाजिद अली शाह यांनी कोलकात्याजवळ मटियाबुर्ज येथेही प्राणिसंग्रह उभारला. पुढे नवाबी संपली. हौस मात्र सामान्यांच्या घरांत उतरली. नवाबांच्या पदरी प्राण्यांची निगा राखणारे सेवक होते. आपल्या घरी ती निगा कोण राखणार, हा प्रश्न प्राणी विकत घेताना आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

गिनीपिगचेच उदाहरण घेऊ. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशातील प्राणी. नावात ‘पिग’ असले तरी तो डुकराच्या नव्हे, तर उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातला आहे. तो लहान, शांत आणि गोंडस असतो. मूल हट्ट धरते, वडील पैसे मोजतात आणि पक्ष्याच्या पिंजऱ्यात तो घरी येतो. येथेच त्याच्या हालांना सुरुवात होते.

पक्ष्याचा पिंजरा हे गिनीपिगचे घर नव्हे. तारेच्या जाळीवर सतत उभे राहून त्याच्या तळपायांना जखमा होतात. त्याला सपाट तळ, धावण्यापुरती मोकळी जागा आणि लपण्यासाठी एखादा आडोसा हवा. साधे खोके उलटे ठेवून त्याला दार कापले तरी आडोसा तयार होतो. हा प्राणी कळपात राहणारा आहे; एकटा ठेवला तर तो झुरतो. मात्र नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारे दोन महिन्यांत पिल्ले होतात, म्हणून जोडी विचारपूर्वक निवडावी.

त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात. त्यामुळे दाणे पुरेसे नाहीत. वाळलेले गवत सतत समोर हवे. शिवाय माणसाप्रमाणेच त्याचे शरीरही ‘क’ जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. १९०७ मध्ये नॉर्वेतील होल्स्ट आणि फ्रोलिक या संशोधकांना स्कर्व्ही या रोगाचा अभ्यास गिनीपिगवर करता आला, तो याच कारणाने. रोज थोडी ढोबळी मिरची, कोथिंबीर किंवा पेरूची फोड दिली तर हा रोग टळतो. लखनऊचा मे-जून महिन्यांतील उन्हाळा आणि ‘लू’ मात्र त्याला सोसवत नाही. पत्र्याखाली किंवा गच्चीवर ठेवलेला गिनीपिग उष्माघाताने दगावू शकतो.

कोणी म्हणेल, “माणसांनाच जागा पुरत नाही, तेथे प्राण्याला कोठून देणार?” ही अडचण खरी आहे. परंतु तिचे प्रामाणिक उत्तर म्हणजे प्राणी न आणणे. त्याला अपुऱ्या जागेत कोंडणे नव्हे. हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे. आपल्याकडील रानटी पोपट पाळण्यास वन्यजीव कायद्याने बंदी आहे, गिनीपिगला ती नाही. पण बंदी नाही म्हणजे जबाबदारी नाही, असे होत नाही.

“मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो,” अशी म्हण आपल्याकडे आहे. आपली हौस कोणाच्या जिवावर बेतू नये. गिनीपिग साधारणपणे पाच ते आठ वर्षे जगतो. मुलाचा उत्साह महिनाभरात ओसरला, तरी पुढची सारी वर्षे त्याला रोज चारा, पाणी आणि स्वच्छता लागणारच. ती देण्याची तयारी असेल, तरच त्याला घरी आणावे. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही. म्हणून त्याच्या सुखाचा विचार आधी आपणच करायला हवा. आणि आपण तो करतो, हे पाहूनच मुले दयेचा धडा शिकतील.