आजोबांच्या रंगावर गेलेलं बाळ

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



मी निवृत्त परिचारिका. 31 वर्षं प्रसूतिकक्षात काढली. नातू झाला तेव्हा घरच्यांनी ठरवून टाकलं, ‘आजोबांच्या रंगावर गेलाय.’ मीही हसले. तिसऱ्या दिवशी दूध ओढताना तो धापा टाकू लागला, रडला तेव्हा जीभ जांभळीशार दिसली. हृदयातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या धमन्यांची अदलाबदल झाली होती. शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच चाललं होतं, अशुद्ध रक्त अंगभर. गर्भातला एक जोडमार्ग जन्मानंतरही थोडा उघडा होता, त्यावर तो तगला होता. तो मार्ग मिटत चालला होता.

दोष द्यायचा तर आधी मला द्या. पण रक्तातला ऑक्सिजन ऐंशी टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत निळेपणा अनुभवी नजरेलाही नीट दिसत नाही. सावळ्या बाळाचा तर आणखी उशिरा.

यंत्राला मात्र दिसतो. 2020 साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ म्हणत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, त्याच जातीचं यंत्र. फक्त बाळाला मोठ्यांचा चिमटा चालत नाही, गुंडाळायची पट्टी लागते. जन्मानंतर 24 तास उलटले की उजवा हात आणि एक पाय तपासायचा. आकडा 90च्या खाली गेला तर लगेच हलवायचं. सगळे दोष यात सापडत नाहीत, हृदयाच्या पडद्यातलं साधं छिद्र बहुधा निसटतंच. पण तातडीचे बरेचसे सापडतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. अंगणवाड्या-शाळांतून मुलं तपासली जातात, शस्त्रक्रियेचा खर्चही मिळतो. पण नातवासारखी मुलं उपचाराविना अंगणवाडीपर्यंत बहुधा पोचतच नाहीत. त्यांच्या धमन्या पहिल्या काही आठवड्यांतच बदलाव्या लागतात. उशीर झाला की हृदयाच्या डाव्या कप्प्याची साऱ्या शरीराला रक्त रेटायची ताकद ओसरते. आमचं ऑपरेशन अकराव्या दिवशी झालं. हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या सुतासारख्या वाहिन्याही सर्जनांनी उचलून नव्या जागी शिवल्या.

प्रत्येक सरकारी प्रसूतिगृहात ती पट्टी हवी, आणि घरी सोडण्याच्या कागदावर त्या दोन आकड्यांसाठी रकाना हवा. जोडमार्ग उघडा ठेवणारं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन जिल्हा रुग्णालयाच्या फ्रीजमध्ये असावं. त्यानं श्वास थांबू शकतो, म्हणून रुग्णवाहिकेत श्वास सांभाळणारा माणूसही बसावा.

परवा शेजारणीच्या नातीला बघायला गेले. बाकीच्या बायका नाक कुणाचं, डोळे कुणाचे ते बघत होत्या. मी ती रडायची वाट बघत होते, जीभ दिसावी म्हणून.

आपली,
एक निवृत्त परिचारिका